बाहेरची खुर्ची

यंत्राने आजींचा अंगठा तिसऱ्यांदा नाकारला. पन्नास वर्षं कांदा खुरपला, शेणानं घर सारवलं, राखेनं भांडी घासली. बोटांवरच्या रेषा त्यातच झिजून गेल्या.

"थम लागत नाही आजी," केंद्रावरचा पोरगा खिडकीतून म्हणाला. "ओटीपी सांगा."

ओटीपी गेला पुण्याला, मुलाच्या फोनवर. मुलगा कारखान्यात पाळीवर, फोन गेटवर जमा. तो सुटेपर्यंत ओटीपीची मुदत कधीच संपली होती.

सत्तरी गाठलेल्या कुणालाही, मग तो गरीब असो की सधन, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय झाली. कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाकाठी पाच लाखांपर्यंतचे उपचार, आणि कागद लागतो एकच, आधार. आजी त्याच कार्डासाठी आल्या होत्या. त्यांच्याकडे आधार होतं, वय शहात्तर होतं, छातीत कळ येत होती.

"माझंच चुकतंय गं, अडाणी बाई मी," त्या घरी येऊन गावच्या आशाताईंना म्हणाल्या. पाच एकरांचा हिशेब तोंडी ठेवणारी बाई स्वतःला अडाणी म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी आशाताई सोबत गेल्या. "चेहऱ्यानं पण होतं ना रे?"

"केलं असतं ताई, पण म्हाताऱ्या माणसांना जमत नाही. हलतात."

"कुठं बघायचं ते त्यांना सांगितलंस का? तू आत पंख्याखाली, त्या बाहेर उन्हात."

पोरगा गप्प झाला. मग उठला, आपलीच खुर्ची बाहेर आणून सावलीत ठेवली, आजींना बसवलं आणि शेजारी उकिडवा बसला. "हा गोल दिसतो? त्यात तुमचा चेहरा आला पाहिजे. आता डोळे मिटा, उघडा."

पडद्यावर स्वतःला बघून आजींनी पदर सावरला, हसल्या, आणि चेहरा गोलाबाहेर गेला. पोराने पुन्हा लावलं. चौथ्या खेपेला जमलं.

पुढच्या आठवड्यात आजी परत आल्या, शेजारच्या दोघींना घेऊन. खुर्ची बाहेरच होती. एकीला खुर्चीत बसवून आजी मागे उभ्या राहिल्या.

"घाबरू नको. गोलात बघ, अन् डोळे सावकाश मिट. पोरगा थांबतो."