डोंगर संपतो तेथे

वैशाखात देवळीचे रस्ते दुपारी ओस पडतात. ज्यांस सवड आणि पैसा असतो, ते चार दिवस चिखलदऱ्यास जाऊन राहतात व ऊन उतरताच घरी परततात. उन्हाच्या तापातून सुटण्यासाठी डोंगर चढावा, ही युक्ती प्राण्यांसही ठाऊक आहे. परंतु त्यांच्यातील कित्येकांस परतावयास घर उरलेले नाही.

अमेरिकेतील योसेमिटी येथे जोसेफ ग्रिनेल याने १९१४ ते १९२० या काळात उंदीर, चिचुंद्री, खार इत्यादी लहान जीव कोणत्या उंचीवर राहतात, हे टिपून ठेविले होते. पुढे सुमारे नव्वद वर्षांनी त्याच स्थळांची पुन्हा पाहणी झाली. तिचे फल २००८ साली प्रसिद्ध झाले. किमान तापमान सुमारे ३ अंशांनी वाढले होते, आणि २८ जातींपैकी निम्म्यांच्या वस्तीची सीमा सरासरी ५०० मीटर वर सरकली होती. ते रान तर १८९० पासून संरक्षित आहे. रान राखलेले होते, तरी जीव विस्थापित झाले.

आपल्या सह्याद्रीत इतके चढण्यास वाव कोठे आहे? त्याचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटरांवरच संपते. भीमाशंकरच्या रानातील शेकरू तर फांदीवरून फांदीवर जाणारा प्राणी. मध्ये झाडी तुटली, की ती मोकळी जागा त्याला भिंतीसारखी होते.

कोणी म्हणेल, सृष्टी नित्य पालटतच आली आहे. त्यात आमचा दोष काय? पालटते हे खरे. पण पूर्वी पालट सावकाश होई व वाटा मोकळ्या असत. आज उष्मा आम्ही वाढविला आणि वाटाही आम्हीच तोडल्या.

आम्ही त्या जीवांवर शस्त्र उगारीत नाही, म्हणून आम्ही अहिंसक, असे समाधान मानणे सोपे आहे. परंतु ज्या वर्धा जिल्ह्यात गांधीजी सेवाग्रामी राहिले, तेथील माणसाने अहिंसेचा अर्थ इतका आखूड करू नये. पवनारच्या विनोबांनी १९५१ पासून भूदान मागितले, ते भिक्षा म्हणून नव्हे, तर भूमिहीनाचा हक्क म्हणून. राहावयास जागा असणे हा जर न्यायाचा प्रश्न असेल, तर मुक्या जीवापाशी येऊन तो न्याय थांबावा, यास मला तरी सबळ कारण दिसत नाही.

शेतकऱ्याची भाकर हिरावून रान राखा, असे कोणी म्हणू नये. त्याचा भार सधनांनीच उचलिला पाहिजे. परंतु उरलेली देवराई राखणे आणि तुटलेली झाडी पुन्हा जोडणे, हे उपकार नव्हेत. ती घेतलेल्या वस्तूची अंशतः परतफेड होय.