मोकळं रान

आष्ट्याला चुलत्यांच्या रानात उभा होतो. ऊस नुकताच तुटून गेलेला, सरीत पाचट पसरलेलं. "झालं रान मोकळं," मी म्हणालो. काका हसले. "मोकळं कुठलं? खोडवा धरलाय न्हवं!" म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक.

पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. निर्वात म्हणजे असंच मोकळं रान, सगळे कण काढून टाकल्यावर उरतं ते, असं मुलांना बेधडक सांगायचो. आता त्या व्याख्येची लाज वाटते. पुंजक्षेत्रात कण मोजायचे तर आधी क्षेत्राची कंपनं धन आणि ऋण वारंवारतेत वेगळी करावी लागतात. वारंवारता आली की काळ आला, आणि काळ म्हटलं की कुणाचं घड्याळ हा प्रश्न येतो. सपाट अवकाशकाळात तो अडत नाही: एकसमान वेगानं जाणाऱ्या साऱ्यांची वाटणी एकच निघते. पण सतत वेग वाढवत जाणाऱ्याला तेच निर्वात ऊबदार भासतं, असं भौतिकशास्त्रज्ञ उन्रू यांनी १९७६ मध्ये दाखवलं. अर्थात पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाला ही ऊब एका केल्विनच्या सुमारे २.५ लाख कोटी कोटी भागांपैकी एक भाग. एस.टी.त घाम फुटतो तो वेगळ्या कारणानं.

वक्र अवकाशकाळात तर सहसा सर्वमान्य घड्याळच नसतं. प्रसरण पावणाऱ्या विश्वात सुरुवातीचं निर्वात पुढे निर्वात राहीलच असं नाही, कण उपजू शकतात. लेनर्ड पार्कर यांनी १९६० च्या दशकात हे मांडलं. मग निवड करायची कशावरून? शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर आणि अॅन मॅग्नन यांनी १९७५ मध्ये ऊर्जेची कसोटी लावली. भूमिती काळानुसार बदलत नसेल, तर ही कसोटी एकच निर्वात निवडते. अष्टेकरांचं नाव पुढे गुरुत्वाच्या पुंजसिद्धांतामुळे गाजलं. मला मात्र हा तरुणपणीचा निबंध अधिक जवळचा. काय गृहीत धरलं की काय हाती येतं, ते त्यात स्वच्छ दिसतं. भूमितीच बदलत असेल तिथे तज्ज्ञ आता एकाच निर्वाताचा हट्ट धरत नाहीत. अगदी जवळच्या अंतरावर सपाट अवकाशकाळासारख्या वागणाऱ्या अवस्था तेवढ्या ग्राह्य मानतात.

खोडव्याची उपमा इथे अपुरी पडते. खोडवा जमिनीत असतोच, मला दिसला नाही इतकंच. चूक माझी होती. निर्वाताच्या बाबतीत दोघांची मोजणी वेगळी येऊनही दोघे बरोबर असू शकतात.

हे काकांना सांगायला गेलो. त्यांनी निम्मं ऐकलं असेल. तेवढ्यात लाईट आली आणि ते मोटर चालू करायला विहिरीकडे वळले.