आधी न्याय, मग हातोडा

आजचं वचन : यशया २:१-५

आगमनकाळाच्या सुरुवातीला आपण हे वाचन ऐकतो. लोक युद्धाची हत्यारं ठोकून शेतीची अवजारं बनवतील, तलवारीचा फाळ होईल, भाल्याचा कोयता. वसईत ज्यांच्या घरी केळीची वाडी आहे त्यांना कोयता काय असतो हे सांगायला नको!

आमच्या कोयत्याला धार लावून लावून झिजलेली एक जुनी कानस होती. मी तिची सुरी केली. कानशीचं पोलाद उत्तम, पण इतकं कडक की दुसरी कानस त्यावर चालत नाही, आणि जोरात आपटली तर काचेसारखी तुटते. म्हणून आधी ती लाल होईपर्यंत तापवून राखेत पुरली आणि रात्रभर हळूहळू निवू दिली. मऊ झाली, तेव्हा कुठे आकार घेऊ लागली. पातं घासून झाल्यावर लोहचुंबक चिकटेनासा होईपर्यंत परत तापवलं आणि तेलात बुडवलं. पुन्हा कडक, पुन्हा ठिसूळ. शेवटी आईच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास. (आईचा केक लांबला, त्यावरून बोलणी खाल्ली.) थोडा कडकपणा जातो, चिवटपणा येतो.

राग आला की लोक म्हणतात, सोडून दे ना. यशया तसं म्हणत नाही. तलवार खाडीत फेका, असं या वचनात कुठेच नाही. लोखंड तेच राहतं. योएल ३:१० वाचा, तिथे नेमकं उलट घडतं, फाळांच्या तलवारी होतात. भट्टी दोन्हीकडे पेटते.

आता चौथ्या ओवीतला क्रम बघा. हातोडा नंतर येतो. आधी देव न्याय करतो, तंटे निवाड्याला घेतो. हे आपण वाचताना सहज ओलांडून जातो.

माझ्या एका मैत्रिणीच्या घरी जमिनीवरून वडील आणि काका बोलत नाहीत. तिला सगळे सांगतात, "ख्रिस्ती आहेस ना, माफ कर." वडिलांच्या हिश्शाचं काय झालं, हे कुणीच विचारत नाही. यशयाने आधी तेच विचारलं असतं. पण निवाडा झाला तरी तलवारी आपोआप वितळत नाहीत. ठोकणारे हात माणसांचेच.

या रविवारी मिस्सानंतर ती काकांकडे जाणार आहे. पिशवीत सातबारा आहे आणि वाडीतली केळीही. आज रोझरी म्हणताना तिची आठवण ठेवा.