निश्चल जलांतील विसांवा

अंधाऱ्या टाकींत, दाट क्षारयुक्त कोमट पाण्यावर तरंगत राहिलें असतां शिणलेलें मन निवतें, असा अलीकडे अनेकांस अनुभव येतो. 1954 सालीं अमेरिकेंत जॉन लिली यांनीं अंधारी टाकी प्रथम योजिली, ती मात्र विसांव्यासाठीं नव्हे. बाह्य संवेदना तुटल्यावर मन जागें राहतें कीं काय, हें पाहण्यासाठीं. मुळशीच्या तलावाकांठीं पुण्यामुंबईचीं माणसें अशाच निःशब्दतेच्या शोधार्थ येतात. त्या जलाशयाखालीं मावळ्यांचीं भातखाचरें आहेत. तीं वांचविण्यासाठीं 1921 सालीं सत्याग्रह झाला, सेनापति बापटांनीं तुरुंगवास सोसला. धरण तरीहि झालें, आणि वीज मुंबईस गेली. थकलेल्या देहानें घटकाभर जग विसरावें, यांत मला कांहीं गैर दिसत नाहीं. परंतु विसरण्यासाठीं आधीं ठाऊक असावें लागतें. कांठावर निजणाऱ्या कितीजणांस त्या खाचरांची वार्ता असेल, याची मला शंका आहे.