कबुतर कुणाचं?

मालकी म्हणजे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांना अडीच हजार वर्षांत सुटलेला नाही. बँकेत तो शटर वर गेल्यापासून पाच मिनिटांत सुटतो. सही जुळली की मालक. नाही जुळली, तर साक्षात कुबेर काउंटरपुढे उभा राहिला तरी "केवायसी अपुरं आहे, उद्या या" असं सांगून त्याला परत पाठवता येतं.

आमच्या बारकाव्यांना तर तोड नाही. एखाद्या बाईंनी पाटल्या तारण ठेवून कर्ज काढलं, तर पाटल्या आमच्या तिजोरीत आणि मालकी बाईंची. ताबा एकाकडे, हक्क दुसऱ्याकडे. दहा वर्षं कुणी हात लावला नाही अशी ठेव २०१४ च्या योजनेप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण अकराव्या वर्षी खातेदार उगवला, तरी त्याची ठेव त्याला मिळते. आणि एकाचे पैसे चुकून दुसऱ्याच्या खात्यात पडले, तर "मी कुठे बोलावले होते? ते आपणहून आले!" हा युक्तिवाद आमच्याकडे चालत नाही.

नेमका हाच युक्तिवाद कबुतरांच्या जगात चालतो. नुसता चालत नाही, तोच तिथला कायदा आहे.

हा कायदा मला मामांनी शिकवला. आमच्या सोसायटीला लागून पेठेतला एक जुना वाडा आहे. भाऊबंदांचं एकमत होत नाही, म्हणून तो अजून उभा आहे. त्याच्या पत्र्यावर मामांची ढाबळ. मामा तसे कुणाचेच मामा नाहीत. पण कबुतरं पाळणारा माणूस गल्लीतल्या सगळ्या पोरांचा आपोआप मामा होतो. छापखान्यातून निवृत्त झाल्यावर माणसं विष्णुसहस्रनाम धरतात, मामांनी गिरेबाज कबुतरं धरली.

ही ढाबळ कुठल्याही आर्किटेक्टने पाहू नये. फळ्या फळांच्या खोक्यांच्या, दार कुणाच्या तरी जुन्या कपाटाचं, पुढे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी, पावसाळ्यात वरून गोणपाट. आत तेलाचे डबे आडवे ठोकून केलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक पसरट मातीचं भांडं. एवढ्यावर तीस-पस्तीस जिवांचा संसार. आमच्या सोसायटीत सातशे चौरस फुटांत चार माणसांना कोंडल्यासारखं होतं, हा भाग वेगळा.

आणि संसार तरी कसा! मादी दोन अंडी घालते, सतरा-अठरा दिवस ती उबवावी लागतात. साधारण सकाळी दहाच्या सुमाराला नर येऊन बसतो आणि संध्याकाळपर्यंत उबवतो, रात्रपाळी मादीची. पिल्लांना पहिल्या दिवसांत जे दुधासारखं द्रव्य भरवतात, ते आई आणि बाप दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत तयार होतं. ही माहिती मी घरी उत्साहाने सांगितली, त्याचा मला अजून त्रास होतो. "दहा ते पाच तो पण करतो म्हणजे!" एवढंच सौ. म्हणाली.

तर कायदा असा. सकाळी कबुतरं सोडायची. ती तास न् तास डोक्यावर घिरट्या घालतात आणि आपल्याच ढाबळीवर उतरतात. पण कधी दोन ढाबळींचे थवे आकाशात एकमेकांत मिसळतात, आणि एखादं परकं कबुतर चुकून आपल्या थव्याबरोबर खाली येतं. ते पकडलं की आपलं. ज्यांच्याशी तह असेल त्यांचं परत करायचं, बाकीच्यांचं ठेवायचं. त्याच्या पंखांची पिसं दोऱ्याने बांधायची, चांगलं खाऊपिऊ घालायचं, जोडीदार द्यायचा. काही आठवड्यांनी दोरा सोडायचा. तरीही ते राहिलं, तर ते आपलं झालं.

"मामा, याला आमच्याकडे अपहार म्हणतात," मी म्हटलं.

"बँकवाले, तुमच्या पैशाला इच्छा नसते. कबुतराला असते. दार उघडं आहे. जायचं असेल तर जाईल."

वरकरणी बिनतोड वाटतं. आणि गंमत म्हणजे मामांच्या बाजूने साक्ष द्यायला थेट रोमन सम्राट उभा आहे. इसवी सन ५३३ मध्ये जस्टिनियनने जे कायद्याचं पाठ्यपुस्तक काढलं, त्यात मोर, मधमाश्या आणि कबुतरं यांचा प्रश्न घेतलेला आहे. हे मूळचे रानटी जीव, जातात, येतात. मग त्यांचा मालक कोण? तर जोवर त्यांची परत येण्याची बुद्धी शाबूत आहे, तोवर ते तुमचे. परतण्याची सवय सुटली, की जो धरील त्याचे. म्हणजे सातबारा कबुतराच्या डोक्यात! जगातल्या सर्वांत कडक कायदेपंडितांनी मालकीचा दाखला शेवटी एका पाखराच्या मर्जीवर सोडून दिला.

पण मर्जी म्हणजे काय, हाच तर घोळ आहे. तीन आठवडे पंख बांधून मग "बघा, राहिलं की नाही!" म्हणणं, हे कर्जाच्या अर्जावर बारीक टाइपातल्या बावीस पानांखाली सही घेऊन "आपण राजीखुशीने मान्य केलंत" म्हणण्यासारखंच झालं. मी हे मामांना सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, "मग तुम्ही या पेठेत कसे राहिलात? जन्माला येताना फॉर्म भरला होता?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. लहानपणी पिसं बांधलेली होती, वेळेवर जेवण मिळत होतं, पुढे जोडीदार मिळाला. दोरा सुटला तेव्हा उडायचं लक्षात राहिलं नाही. बहुतेकांचं असंच असतं. आपण त्याला 'माझं गाव' म्हणतो आणि त्यावर गळा दाटून येतो.

हा वाद असाच चहाबरोबर चालला असता. पण एका जानेवारीत मामांच्या थव्याबरोबर एक निळा नर उतरला. पायात रिंग, तिच्यावर नंबर. मामांनी रीतीप्रमाणे पंख बांधले, एक पांढरी मादी दिली, दोरा सोडला. नर राहिला. मार्चमध्ये नदीपलीकडून सायकल मारत एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा आला. वहीच्या शेवटच्या पानावर नंबर लिहिलेला. मामा नियम सांगायच्या तयारीत होते, पण पोरगाच म्हणाला, "मामा, नियम माहितेय मला. मागायला नाही आलो. नीट आहे ना, तेवढं बघायचं होतं."

भांडायला आलेल्या माणसाशी भांडता येतं. या पोराचं काय करायचं? त्याने दहा मिनिटं जाळीतून पाहिलं, "जाडा झालाय," म्हणाला आणि गेला. मामांना त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ते पासबुक भरायच्या निमित्ताने बँकेत आले आणि हळूच विचारू लागले, "ते चुकून पडलेल्या पैशांचं तुम्ही नक्की काय करता?"

त्यांनी नर परत द्यायचं ठरवलं. पण जोडी फोडायची नसते, म्हणून आपली पांढरी मादीही टोपलीत घातली. मला फार भरून आलं. ते सहा दिवस टिकलं. सातव्या दिवशी पोराने दोघांना सोडलं, तशी मादी सरळ नदी ओलांडून मामांच्या पत्र्यावर, आणि तिच्यामागे तो निळा गडी. थोड्या वेळाने सायकलवर रिकामी टोपली घेऊन पोरगा. तिघं-चौघं आम्ही ढाबळीपुढे उभे, आणि ते जोडपं आत बसून घुमतंय.

आता सांगा, कुणाचं? कायद्याने मामांचं. न्यायाने पोराचं. नराला विचाराल तर तो मादीचा. आणि मादी? तिला फक्त तेलाच्या डब्याचा डावीकडून तिसरा कप्पा माहीत.

इथे मामांनी जो तोडगा काढला, तो आमच्या कुठल्याही वसुली अधिकाऱ्याला सुचला नसता. कबुतराचं पिल्लू महिनाभराचं झालं की उडायला लागतं, आणि ते जिथून पहिली भरारी घेतं तेच त्याच्या मनात घर म्हणून पक्कं होतं. मामांनी त्या जोडीची दोन्ही पिल्लं, पंख भरले पण अजून उडाली नाहीत अशा बेताला, पोराच्या हवाली केली. मुद्दल अडकलं, व्याज पोचतं केलं. ती दोघं आता रोज सकाळी नदीपलीकडून उठतात, वाड्यावरून दोन फेऱ्या मारतात, आईबाप खाली दाणे टिपत असतात, आणि ही पोरं बिनदिक्कत पुन्हा नदीपलीकडे. मामा मान वर करून बघतात. एकदाही शीळ घालत नाहीत. शीळ घातली तर उतरतील की काय, याची त्यांना भीती वाटत असावी.

कबुतरांवरच्या माणसाच्या या प्रेमाबद्दल मला पूर्वीपासून थोडा संशय आहे. अकबर बादशहा कबुतरं उडवण्याला 'इश्कबाजी' म्हणे. अबुल फझलने दरबारी वीस हजारांवर कबुतरं असल्याचं आणि त्यांतली पाचशे खास असल्याचं नोंदलं आहे. वीस हजारांवर इश्क म्हणजे खातेवही लागणारच. युरोपात शर्यतीच्या कबुतरांची एक पद्धत आहे. नराला मादीपासून आठवडाभर दूर ठेवायचं, निघताना क्षणभर भेटवायचं, आणि मग शेकडो मैलांवर नेऊन सोडायचं. बिचारा जिवाच्या आकांताने घर गाठतो आणि कप मालकाला मिळतो. आमच्यातही बदलीवर गेलेला शिपाई शनिवारी दुपारी याच वेगाने एस. टी. स्टँड गाठतो, त्याला कप मिळत नाही एवढंच.

शिवाय हे प्रेम शेजाऱ्यांना विचारून केलेलं नसतं. विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काहींची फुप्फुसं कायमची बिघडतात, हे डॉक्टर सांगतात. २०२५ साली मुंबईत कबुतरखान्यांवरून एवढं रान उठलं त्यात हाही मुद्दा होता. मामा ढाबळ झाडताना तोंडाला फडकं बांधतात आणि आमच्या बाजूची जाळी त्यांनी स्वखर्चाने बंद केली आहे. आपल्या छंदाचा कचरा आपल्याच अंगणात पडेल एवढं बघणारा माणूस मला निम्मा संत वाटतो. उरलेला निम्मा मामा सोसायटीच्या चेअरमनशी बोलताना राहत नाही.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू केले, त्यांत एक कपोत आहे. नाथांनी त्या स्कंधावर मराठीत टीका लिहिली, म्हणून ही गोष्ट आपल्याकडे घरोघर पोचली. पिल्लं जाळ्यात सापडतात, त्यांच्यामागे कबुतरी शिरते, आणि ते पाहून कबुतरही आपणहून जाळ्यात उडी घेतं. अवधूत यातून शिकतो की एवढी आसक्ती बरी नव्हे. खरंय. पण मला नेहमी वाटतं, ज्याला बायकापोरं नाहीत त्याने हा धडा काढणं सोपं आहे.

मला स्वतःला सगळ्यांत मोठा धडा एका बेल्जियमच्या मादीने दिला. तिचं नाव न्यू किम. नोव्हेंबर २०२० मध्ये ही शर्यतीची कबुतरी लिलावात सोळा लाख युरोंना गेली. एका चिनी शौकिनाने घेतली. मी सवयीने त्या दिवशीच्या दराने रुपये काढले. चौदा कोटींच्या आसपास. आमच्या शाखेच्या ठेवींशी तुलना करायचा मोह मी आवरला. पण खरी गंमत आकड्यात नाही. असली पाखरं विकत घेतात ती त्यांच्या घरी परतण्याच्या ओढीसाठी. आणि एकदा विकत घेतली की त्यांना मोकळं सोडायची सोय नाही! कारण सोडलं तर ती ओढीप्रमाणे वागणार, आणि आपल्या जुन्या घराच्या वाटेला लागणार. म्हणून त्यांना पैदाशीसाठी जाळीआडच ठेवतात. ज्या गुणापायी पैसे मोजले, तो गुण एकदाही वापरता येत नाही.

मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, "बँकवाले, पाखरू विकत मिळतं. त्याचं घर विकत मिळत नाही."

बँकेच्या भाषेत सांगायचं, तर ताबा विकत घेता येतो आणि मालकी कोर्टात सिद्ध करता येते. पण 'आपलं' नावाची जी तिसरी नोंद आहे, ती आपल्याला आपल्या हाताने करताच येत नाही. ती समोरच्याने, दार उघडं असताना, परत येऊन करायची असते. आणि तो परत आला, तरी आपल्यासाठीच आला असं समजू नये. कबुतर परततं ते जोडीदाराकडे, पिल्लांकडे, डावीकडून तिसऱ्या कप्प्याकडे. आपण त्याचे मालक नसतो. आपण त्याचा पत्ता असतो. ही पदवीही काही लहान नाही.

सध्या हा विचार मला जरा जास्तच करावा लागतो, कारण आमची कन्या बारावीनंतर शिकायला बंगळूरला जायचं म्हणते आहे. सौ.चं म्हणणं, इथे कॉलेजं काय थोडी आहेत? माझ्या हातातही दोरा आहेच: फीचे आकडे, माझं रक्तदाब, आजीचं वय. चांगला मजबूत दोरा आहे. एका रात्रीत पंख बांधून होतील आणि वर "तिनेच ठरवलं" असं म्हणताही येईल.

मी मामांना सहज विचारलं, "परत येईलच याची काही गॅरंटी?"

मामा कप्पे पुसत होते. "गॅरंटी तुमच्या बँकेत," ते म्हणाले. "इथे कप्पा स्वच्छ ठेवायचा आणि संध्याकाळी दार उघडायचं."

तिचा प्रवेशाचा फॉर्म मी काल भरला. 'कायमचा पत्ता' या रकान्यात आमचाच पत्ता घातला, पिनकोडसकट. फॉर्मात एवढीच एक ओळ मला उद्देशून आहे असं वाटलं, म्हणून जरा ठळक अक्षरात लिहिली.