रक्तांतील आंकडा आणि कुटुंबाचा न्याय

विवाहास चार-पांच वर्षें लोटूनहि घरांत पाळणा हालला नाहीं, म्हणजे पूर्वीं नवससायास व व्रतवैकल्यें यांना आरंभ होत असे. आज सुशिक्षित कुटुंबांत त्यांच्या जोडीला रक्तपरीक्षा आली आहे. हा पालट इष्टच होय. परंतु देवाच्या कौलाकडे ज्या दृष्टीनें पाहिलें जाई, त्याच दृष्टीनें आपण प्रयोगशाळेच्या कागदाकडे पाहत नाहीं ना, अशी शंका आम्हांस येते.

ही परीक्षा कशाची असते? वंध्यत्वावरील उपचारांपूर्वीं डॉक्टर स्त्रीच्या रक्तांतील कांहीं संप्रेरकें, म्हणजे हार्मोन्स, मोजून घेतात. मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्युटरी ग्रंथि एफ. एस. एच. हें द्रव्य पाठवून अंडाशयाला जणूं हांक मारते. तेथील बीजांचा सांठा रोडावला कीं ही हांक मोठ्यानें मारावी लागते, म्हणून तो आंकडा चढतो. तो पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं पाहतात. ए. एम. एच. हें अंडाशयांतील बारीक बीजपुटकांपासून निघतें. पुटकें कमी, तसा त्याचा आंकडा उतरतो. थायरॉइड व प्रोलॅक्टिन हींहि तपासतात, कारण त्यांतील बिघाड बहुधा औषधानें सुधारतां येतो.

ह्या आंकड्यांवरून औषधाची मात्रा ठरते. इंजेक्शनें दिल्यावर बीजें किती हातीं येतील, याचा अदमास ए. एम. एच. वरून बांधतां येतो. स्त्री आई होईल कीं नाहीं, याचा निर्णय त्यावरून होत नाहीं. अमेरिकेंत २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ३० ते ४४ वर्षें वयाच्या सुमारें ७५० स्त्रिया होत्या. ज्यांचें ए. एम. एच. कमी होतें, त्यांना वर्षभरांत स्वाभाविक गर्भधारणा होण्याचा संभव इतरांहून कमी आढळला नाहीं. ह्या स्त्रियांना वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नव्हता, हें खरें. तथापि सांठा आणि सामर्थ्य ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढें त्यावरून निश्चित दिसतें. बीजांचा कस मुख्यतः वयावर अवलंबून असतो, आणि तो ह्या परीक्षेंत मोजला जात नाहीं.

परंतु कागद घरीं आला कीं काय होतें? डॉक्टरांनीं विचारलें होतें, 'औषध किती द्यावें?' घर त्याच कागदाला विचारतें, 'दोष कोणाचा?' ज्या प्रश्नासाठीं आंकडा काढलाच नाहीं, त्याचें उत्तर त्यांतून काढणें हा ज्ञानाचा दुरुपयोग होय. त्यांतहि अन्याय असा कीं, सुनेचें रक्त तीनदां तपासून होतें, तरी मुलाची वीर्यतपासणी 'पुढें पाहूं' म्हणून राहून जाते. वास्तविक अपत्यहीन दांपत्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारण, एकटें वा जोडीनें, असतें; आणि त्याच्या तपासणींत सुईसुद्धां टोंचावी लागत नाहीं.

कोणी म्हणेल, सत्य केव्हांहि हितकरच. मग तें झांकून ठेवावें काय? आम्ही तसें म्हणत नाहीं. आंकडा कमी असल्यास कालहरण करूं नये, हा सल्ला योग्यच आहे, आणि तो त्या स्त्रीला स्पष्ट सांगितला पाहिजे. मात्र सत्य जाणण्याचा अधिकार ज्याचा त्याला असतो. दुसऱ्याच्या शरीराविषयींचें सत्य दिवाणखान्यांत वाचून दाखविण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पतिपत्नींनीं तपासणीस एकाच दिवशीं, बरोबर जावें. दोघांचे कागद दोघांनीं डॉक्टरांसमोर समजून घ्यावेत. आणि घरांत कोणाला किती सांगावयाचें, हें ज्याच्या त्याच्या कागदापुरतें त्यानें वा तिनें ठरवावें. वडील मंडळींनीं मग एवढेंच विचारावें कीं, 'आमची कांहीं मदत हवी आहे का?' अपत्य होणें वा न होणें हें अखेर कोणाच्याच हातीं नाहीं. परंतु वाट पाहण्याच्या त्या वर्षांत सुनेला आरोपीप्रमाणें वागवूं नये, एवढें तरी सर्वांच्या हातीं आहे.