रानमेवा कोणाचा?

उन्हाळा आला की खानापूर तालुक्यातील बाया रानमेव्याच्या पाट्या घेऊन बेळगावच्या बाजारात येतात. पाटीत काळीभोर करवंदे असतात, पांढुरकी तोरणे असतात. पाऊस जवळ आला की जांभळेही येतात. जांबोटी-कणकुंबीकडच्या डोंगरातील करवंदीच्या जाळ्या कोणी लावलेल्या नाहीत, त्यांना कोणी पाणीही घालत नाही. परमेश्वराने दिलेले आणि माणसाने वेचलेले असे हे अन्न आहे. मग ते कोणाचे? हा प्रश्न मला एका बाईने विचारायला लावला.

एका मे महिन्यात मी अशाच एका पाटीपाशी थांबले. तिने करवंदांचा भाव सांगितला. तो मला जास्त वाटला आणि मी सहज बोलून गेले, "मावशी, रानातली तर आहेत. तुम्हाला कुठे विकत घ्यावी लागतात?" ती रागावली नाही. तळहात पुढे करून म्हणाली, "करवंदं देवाची हायत बाई, खरं काटं माझ्या हातात गेल्यात."

मी पैसे दिले आणि मुकाट्याने घरी आले. त्याच आठवड्यात शब्बाथ शाळेत मला मान्न्याचा धडा शिकवायचा होता.

निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातील ती हकीकत आपण सर्वांना ठाऊक आहे. मान्ना कोणी पेरला नव्हता. तरी तो कसाही, कितीही घ्यावा असे नव्हते. माणशी एक ओमर, ज्याच्या त्याच्या गरजेपुरता, हे माप ठरले होते. उद्यासाठी साठवून ठेवला त्याला किडे पडले. म्हणजे फुकट मिळालेल्या गोष्टीलाही नियम असतो. किंबहुना फुकट मिळालेल्या गोष्टीलाच तो अधिक लागतो; कारण विकत घेतलेल्या वस्तूला निदान किंमत आवर घालते.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले तर पिले घ्यावी, पण आईला जाऊ द्यावे. घेण्याची मोकळीक आहे, मूळ संपवण्याची नाही. जांभळे लवकर हाती यावी म्हणून फांदीच तोडणारा माणूस ही आज्ञा मोडतो. पुढल्या वर्षी तेथे येणारे पोर आणि पाखरू या दोघांच्या तोंडचा घास तो काढून घेतो.

ही शहाणीव केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. दूर उत्तरेला अलास्कात युपिक लोक राहतात. मोरावियन मिशनने १८८५ साली त्यांच्या मुलखात बेथेल हे ठाणे वसविले आणि आजही त्यांच्यापैकी पुष्कळजण त्या मंडळीचे सभासद आहेत. तेथला उन्हाळा थोडक्या दिवसांचा. तेवढ्यात घरची सारी माणसे रानबोरांसारखी फळे वेचून हिवाळ्याची बेगमी करतात. उन्हाळा सरल्यावर तेथील बाया रानउंदरांनी बिळात साठवलेल्या गोड मुळ्याही शोधतात. पण सगळ्या नेत नाहीत. काही तेथेच ठेवतात आणि घेतलेल्याच्या बदल्यात सुक्या मासळीसारखे काही खाणे ठेवून बीळ पुन्हा झाकतात. उंदराशीसुद्धा देणेघेणे राखणारे ते लोक पाहिले की माझे ते बाजारातले बोलणे मला अधिकच टोचते.

येथे कोणी विचारील, की गरजेपुरतेच घ्यावे असे म्हणता, तर पाटीभर करवंदे विकायला आणणारी बाई लोभी ठरत नाही काय? मला तसे वाटत नाही. ती पाटी म्हणजे तिच्या घरचे तांदूळ, मीठ आणि पोरांच्या वह्या. तिचा ओमर तेवढाच आहे. प्रश्न आपल्या ओमरचा आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौलाने मान्न्याचीच आठवण दिली आहे, आणि तीही कशासाठी? यरुशलेमेतील गरीब बंधूंसाठी वर्गणी गोळा करताना! एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरून निघावी, हाच त्याच्या मते मान्न्याचा अर्थ. तेव्हा पाटीवालीला वाजवी भाव देणे हे दान नव्हे. ते मान्न्याच्या मापाला धरून वागणे आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणाऱ्यांचा गौण वनउपजावरील हक्क मान्य केला. पवित्र शास्त्राने शेताच्या कडा आणि सरवा गरिबांचा व परक्याचा म्हणून फार पूर्वीच राखून ठेवला होता. रूथ बवाजाच्या शेतात आली ती भीक मागायला नव्हे, तर सरवा वेचायला. आणि बवाजाने काय केले? आपल्या गड्यांना पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम टाकायला सांगितली. तिची मान खाली जाऊ नये असे ते देणे होते.

म्हणून रानमेवा कोणाचाच नाही असे म्हणू नये. तो परमेश्वराचा आहे, आणि म्हणूनच त्यात पाखरांचा, पुढे येणाऱ्यांचा आणि काटे सोसून वेचणाऱ्यांचा वाटा आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मान्न्याचा धडा मे महिन्यात घ्यावा. मुलांच्या हातावर दोन-दोन करवंदे ठेवावी आणि विचारावे, "ही कोणी दिली?" मुले म्हणतील, "देवाने." मग दुसरा प्रश्न विचारावा, "आणि काटे कोणाला टोचले?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याची लाज आपणां मोठ्यांस वाटू नये, असे वागण्याची बुद्धी प्रभू आपणांस देवो.